जोडचाकांची रुंदी

महाविद्यालयात गणित शिकवून निवृत्त झाल्यावर मी पिकअप चालवायला शिकले. जळकोटच्या शिवारात लोक वळून पाहू लागले, की अजूनही माझी मान खाली जाते.

विहीर आटली, की आमच्या डाळिंबांना गावातून टाकीने पाणी न्यावे लागे. पाणी हिंदकळले, की गाडी डुले. एका वळणावर ती इतकी कलली, की मी अर्धीच टाकी भरून पाहिली; ती तर अधिकच हिंदकळली. मग मी जाणेच थांबवले. बागेची पाने गळू लागली.

हमरस्त्यावर गॅरेज असलेले धाकटे दीर म्हणाले, "वहिनी, मागं डबल टायर टाकू. जागची हलायची न्हाय गाडी."

भंगारात निघालेल्या एका प्रवासी व्हॅनचा जोडचाकांचा मागचा एक्सल त्यांनी आणला. पिकअपचे स्प्रिंगचे पाटे एक्सलवरच्या ज्या बैठकांवर बसतात, त्यांच्यातले अंतर जुळेना. तेव्हा व्हॅनच्या बैठका कापून नव्या जागी वेल्डिंग केल्या. इंजिनकडून येणारा शाफ्ट लांब पडला, तो कापून घेतला. मोजमापे मी घेतली, त्यांनी ती पुन्हा तपासली.

भरलेली टाकी घेऊन दीर आणि मी निघालो, तेव्हा ते वळण गाडीने निमूट पार केले. पुढे बागेकडे जाणारी अरुंद वाट, पांद, लागली. उजवीकडे ओढा, डावीकडे शेजाऱ्यांचा दगडी बांध. पुढची चाके गेली. मागचे बाहेरचे चाक बांधाला टेकले. सगळे मोजले होते, वाट तेवढी मोजली नव्हती.

आमच्याकडे बांधाचा दगड ज्याचा त्यानेच हलवायचा असतो. शेजारचे वयस्कर काका पलीकडे उभेच होते. दीर हळूच म्हणाले, "तुमीच बोला. आमचा अबोला हाय," आणि गाडीमागे जाऊन नट आवळू लागले.

मी उतरले. मनात वाक्य जुळवून म्हणाले, "आपल्या बांधामुळे वाहनास किंचित अडथळा होत आहे. आपली अनुमती असल्यास..."

"बाई, कचेरीत अर्ज द्यायलात का? काय पायजे ते सांगा की."

"वीतभर वाट."

"व्हय का? अन् तुमच्या दिराच्या तोंडात काय गुटका हाय?"

गाडीमागचा पाना थांबला, मग पुन्हा फिरू लागला.

काकांनी दगड एकेक करून आत सरकवले. मी हात लावायला गेले, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. बांध माझा हाय." मग कंबर सरळ करत म्हणाले, "आधी माझ्या जनावरांच्या हौदात पाणी सोडा. मग जा बागंत."

मी गाडी हौदाशी लावली. नळी सारखी निसटत होती.

"ए, नट आवळून झाले असतील तर नळी धर की!" काका ओरडले.

दिरांनी पाना ठेवला आणि येऊन नळी धरली. काकांचे बैल पाणी पिऊन बाजूला झाले, तसे आम्ही निघालो. कमी झालेले पाणी टाकीत हिंदकळत होते; गाडी मात्र डुलली नाही. उरलेले पाणी संध्याकाळपर्यंत बागेला दिले.