लतिका काकू आणि आयरिश तवा

लतिका काकूंना घेऊन कुणाकडे जेवायला जाणं म्हणजे अब्रूशी खेळ. यजमानीणबाई जरा आत वळल्या की काकूंनी समोरचं पातेलं उलटं केलंच म्हणून समजा. ईडन प्रेरीतल्या मराठी घरांमधली निम्मी भांडी भारतातून सामानात आलेली, त्यामुळे बुडाशी टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं असायचं. "अय्या, ही परात दीपाची! तुझ्याकडे कशी गं?" असं त्या भर पंगतीत विचारायच्या. "भांडं कधी चोरीला जात नाही, परत द्यायचं राहून जातं," हे त्यांचं ठाम मत होतं.

मी त्यांच्या तळघरातला भाडेकरू. कोल्हापूरचा, पुण्यात शिकलेला आणि कंपनीने मिनेसोटाच्या थंडीत आणून टाकलेला. काकू शाळेच्या कॅफेटेरियात मुलांना जेवण वाढायच्या. अर्धं आयुष्य अमेरिकेत काढूनही त्या गाडी चालवत नव्हत्या आणि काका गेल्यापासून ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. गाडी माझी, शनिवारही माझा, बेत मात्र त्यांचे.

शेजारी नोरा डॉनेली नावाच्या ऐंशीला टेकलेल्या बाई एकट्याच राहायच्या. काकू त्यांना नोराबाई म्हणत. दोघींचं इंग्रजी दोन वेगळ्या देशांतून आलेलं, पण कुंपणावरून तासन्‌तास गप्पा चालायच्या. २००४ च्या उन्हाळ्यात एकदा नोराबाई कागदांचा भलामोठा गठ्ठा घेऊन आमच्या टेबलाशी बसल्या. (त्यांचं बोलणं मी मराठीतच सांगतो. काकूंचं इंग्रजी मुळात मराठीच होतं.)

नोराबाईंच्या आजीने आयर्लंडमधल्या मेयो परगण्यातून येताना भाकरीचा लोखंडी तवा आणला होता. त्यावर ताक आणि सोडा घातलेला जाड पाव भाजायचा. तुटलेली मूठ नोराबाईंच्या वडिलांनी तांब्याचा रिव्हेट, म्हणजे जाड खिळा, ठोकून सांधली होती. तीसेक वर्षांपूर्वी आई गेली आणि त्याच आठवड्यात तवा नाहीसा झाला. धाकटी बहीण कॅथलीन त्या उन्हाळ्यात आयर्लंडला जाऊन आली होती. तिनेच तो तिकडे मूळ घरी देऊन टाकला, असं नोराबाईंनी मनाशी पक्कं केलं आणि बोलणं टाकलं. कॅथलीन सेंट पॉलला राहायची, आमच्यापासून अर्ध्या तासावर.

"मग विचारलं का नाहीत तिला?" काकू म्हणाल्या.

"मी का विचारू? चोरी तिने केली!"

घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते आयरिश लोकांनाही लागू आहे, हे मला त्या दिवशी कळलं. बहिणीला फोन करायचा सोडून या बाईंनी लायब्ररीतल्या आयरिश वंशावळीच्या वर्गात नाव घातलं होतं. मेयोतल्या चर्चच्या नोंदी पालथ्या घातल्या, पणजोबांच्या भावांपर्यंत पोचल्या आणि सापडेल त्या नातेवाइकाला तव्याबद्दल पत्र टाकलं. तिकडून फार प्रेमाची उत्तरं आली. कुणी थडग्यांचे फोटो पाठवले, कुणी लग्नाचं आमंत्रण. तवा कुणाकडेच नव्हता.

"आणि आता कॅथलीनचं हार्टचं ऑपरेशन झालंय," नोराबाई कागद आवरत म्हणाल्या. "मला चर्चमध्ये तिसऱ्याच बाईकडून कळलं. तवा सापडला तर निदान तिच्या दारात जायला काही निमित्त तरी होईल." त्यांचा चेहरा इतका ओशाळलेला होता की मला एकदम माझ्या आईची आठवण झाली.

काकूंनी गठ्ठा बाजूला सारला. "विमानातून तवा नेणारी बाई मी आहे. कस्टमवाल्याने तीनदा उलटासुलटा केला होता माझा. हौसेने फिरायला निघालेली पोरगी असलं ओझं नेत नसते. नोराबाई, मयताच्या घरी तुमच्यात चूल पेटवतात का?"

"आमच्या आईकडे नव्हती पेटवली. समोरच राहणारी आमची चुलत बहीण ब्रिडी, तिनेच सगळ्यांसाठी पाव भाजून आणला."

"कशावर?"

नोराबाई पुन्हा कागद चाळू लागल्या.

"तिच्याकडे तवा होता?"

"नव्हता," नोराबाई हळूच म्हणाल्या. "ब्रिडी नवीन वळणाची होती. तिच्याकडे नुसता ओव्हन होता."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण ब्रिडी कधीच वारली होती. वंशावळीच्या कागदावर तिची फांदी तिच्याच नावाशी थांबली होती, कारण तिला तिन्ही मुलीच. लग्नानंतर आडनावं बदलली, गाठीभेटी थांबल्या आणि नोराबाई तर डॉनेली हे नाव धरून मागे मागे जात होत्या. काकूंना हा वेडेपणा वाटला. "भांडी काय आडनावाच्या मागे जातात होय? मुली कुठे दिल्या ते बघा." पुढच्या शनिवारी त्या स्वतः वर्गात जाऊन बसल्या. बाकीचे लोक जहाजांची नावं शोधत होते आणि काकू प्रत्येकाला "तुमच्या आईचं माहेर कुठलं?" म्हणून विचारत होत्या. तासाभरात तिथल्या दोघी एकमेकींच्या मावसबहिणी निघाल्या. वर्गाच्या बाईंनी आमच्यासाठी वर्तमानपत्रातली ब्रिडीची जुनी निधनवार्ता शोधली. तिच्यात ब्रिडीच्या धाकट्या मुलीचं सासरचं नाव आणि गाव मिळालं. स्टिलवॉटरची शीला.

"शीला! आपल्यातलीच की!" काकू खूश झाल्या. शीला हे आयरिश नावही आहे, हे मी त्यांना गाडीत समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही.

शीलाच्या दिवाणखान्यात काकू चपला काढून नोराबाईंच्या पुढे आत गेल्या आणि जागीच थबकल्या. सोफ्याच्या वर भिंतीवर तवा टांगलेला होता. त्याच्यावर पिवळीधमक सूर्यफुलं रंगवली होती. मुठीवर तांब्याचा रिव्हेट होता.

"तव्यावर फुलं!" काकू माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटल्या. "संग्राम, हिला कुणी शिकवलं नाही का रे?"

"मॉम कायम म्हणायची, हा परत द्यायचाय," शीला म्हणाली. "पण तोवर नोरा आणि कॅथलीनचं भांडण झालं होतं. एकीला दिला तर दुसरी रागावणार. म्हणून राहून गेलं."

ज्या भांडणापायी तवा परत आला नाही, ते भांडण त्याच तव्यावरून झालं होतं. नोराबाई आधी हसल्या, मग रडल्या आणि मग शीलाने दिलेली तिन्ही बिस्किटं खाऊन टाकली.

त्यानंतरचा माझा अख्खा रविवार शीलाने भिंतीवरून काढून दिलेला तवा घासण्यात गेला. काकू खुर्चीत बसून सूचना देत होत्या. रंग निघाल्यावर त्यांनी तेल लावून तवा तापवला, त्यावर पहिली ज्वारीची भाकरी टाकली आणि ती मला दिली. नंतर नोराबाईंनी पाव भाजला. "रिकामं भांडं कुणाच्या दारात न्यायचं नसतं," असा काकूंचा हुकूम होता.

कॅथलीनने दार उघडलं. अंगात पातळ गाऊन, हातात काठी. तिने तव्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे.

"म्हणजे तुझ्याकडे होता तर! तीस वर्षं!"

मला वाटलं, संपलं. पण काकूंनी दोघींच्या मध्ये घुसून पावाचा तुकडा कॅथलीनच्या हातात कोंबला. ती बिचारी दारातच चावू लागली.

"मीठ जास्त आहे," ती म्हणाली. "आईचं कमी असायचं."

"आई मीठ घालायचीच नाही!"

"घालायची! तू कधी स्वयंपाकघरात होतीस?"

त्यावरून जी जुंपली ती थेट जेवणाच्या टेबलापर्यंत गेली. काकू आणि मी ओट्याशी उभं राहून ऐकत होतो. इतकं गोड भांडण मी आजवर ऐकलेलं नाही. शेवटी तवा कुणाचा हा प्रश्न निघाला आणि निकाल काकूंनीच दिला. तवा कुणाचाच नाही. आज इथे राहील, पुढच्या महिन्यात तिथे जाईल, पण जाताना रिकामा जायचा नाही. पोचवायला संग्राम आहेच.

तो तवा मी पुढची तीन वर्षं वाहिला. मिठाबद्दलची दोन्हीकडची मतंही वाहिली.

२००७ च्या हिवाळ्यात कॅथलीन गेली. त्या वेळी तवा तिच्याकडे होता. दफनाला आम्हीही गेलो होतो, पण तिथे तव्याचा विषय कुणीच काढला नाही. आठवडाभराने तिची मुलगी बर्फातून गाडी चालवत आली. कापडात गुंडाळलेला तवा तिने नोराबाईंच्या टेबलावर ठेवला. वर एक पाव होता, खालून काळाकुट्ट जळालेला.

"मला येत नाही करायला," मुलगी म्हणाली. "पण मॉमने हॉस्पिटलमध्ये दोनदा बजावलं होतं. नोराकडे रिकामा नेऊ नकोस."

काकूंनी चहा टाकला. नोराबाईंनी जळकी बाजूसुद्धा न काढता तो पाव तुकड्या-तुकड्याने खाल्ला, कुणालाही न देता. शेवटचा तुकडा त्यांनी तोंडात टाकला.

"मीठ जास्त आहे," त्या म्हणाल्या, आणि रडू लागल्या.