बिनशिक्क्याचं बिल

शेवटच्या दिवशी दुपारी भावजींनी माझ्या हातातला शिक्का काढून घेतला. म्हणाले, "वहिनी, ह्या बिलाला नको. हे आपलं आहे."

मी म्हटलं, "मग बाकीची काय शेजाऱ्यांची होती?"

"शेजाऱ्यांची असती तर परवडलं असतं."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. घरामागच्या शेडमध्ये स्प्रिंगा बनवायचे. एका जागी बसायचे नाहीत म्हणून सगळे त्यांनाच स्प्रिंग म्हणायचे. लग्न केलं नाही. मी विषय काढला की म्हणायचे, "बोलणी खायला तुम्ही आहात की, अजून बायको कशाला?" मी त्यांच्याकडे माल बांधायचे आणि बिलांवर शिक्का मारायचे. शाळा फार नाही झाली माझी, पण शिक्का सरळ मारते.

त्या शिक्क्यावर लिहिलंय की ह्या बिलाचे पैसे कंपनीच्या खात्यातच भरा. कंपनी म्हणजे आमची बिलं विकत घेणारी. फॅक्टरिंग म्हणतात त्याला. मला समजलं तसं सांगते. गादीचा कारखाना माल आज नेणार, पैसे देणार तीन महिन्यांनी. तोवर तार कशाने आणायची? म्हणून बिल कंपनीला विकायचं. शंभरातले ऐंशी ती लगेच देते. पुढे गिऱ्हाईक तिलाच पैसे देतं, मग ती आपली फी कापून उरलेले आपल्याला देते. ऐकायला गोड वाटलं. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून सही करून आले. जामीन म्हणून आमच्या ह्यांनी सही केली.

मग गादीवाल्याने हात वर केले. करारात होतं, गिऱ्हाइकाने नाही दिले तर तुम्ही परत करा. झालं. नव्या प्रत्येक बिलातून जुने पैसे कापायला लागले. आणि सगळी बिलं त्यांनाच द्यायची, एकही बाजूला ठेवायचं नाही. एकदा एका दुकानदाराने भावजींच्या हातात रोख पैसे दिले तर ते तसेच जाऊन कंपनीत भरून यावे लागले. वर टॅक्स. शंभराचं बिल केलं की टॅक्स शंभरावर. हातात किती आले ते कोण विचारतंय.

भावजी हिशेबनिसाशी भांडले. तो म्हणाला, "कापलेले खर्चात धरू की. पण ते पैसे परत मागू शकतात ना, मग ही विक्री नाहीच मुळी. हे कर्ज. बिल नुसतं गहाण आहे, आणि कापतात ते व्याज."

घरी येऊन मला म्हणतात, "घ्या वहिनी. दोन वर्षं मी विकतोय, आणि हा म्हणतो विकलंच नाही!"

हसले, पण जेवले नाहीत. सोडायचं म्हटलं तर आधी बाकी फेडा. फेडायची तर नवी बिलं द्या. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. फोन वाजला की भावजी मशीन मुद्दाम चालू करायचे, ऐकू आला नाही म्हणायला.

शेवटी फिटली बाकी. करार बंद करायची नोटीस दिली. महिन्याचा शेवटचा दिवस गेला की मोकळे. आणि नेमकं त्याच दिवशी बागेतले डोलणारे घोडे बनवणाऱ्या बाई आल्या, माल आत्ताच पाहिजे म्हणून. भावजींनी हिशेबनिसाला फोन लावला, बिल उद्याच्या तारखेचं करू का?

तो म्हणाला, "माल आज निघतोय तर बिल आजचंच. टॅक्सच्या भानगडीत पडू नका."

"असू दे आजचं," भावजी मला म्हणाले, "पैसे तर पुढच्या महिन्यात येणार. तोवर आपण सुटलो." म्हणून शिक्का काढून घेतला. बाईंना बिल दिलं ते कोरं, बिनशिक्क्याचं. टेम्पो वळेपर्यंत फाटकात उभे होते. मग चहा मागितला.

मी चहा घेऊन आले तर स्टुलावर बसलेले, डोकं भिंतीला टेकलेलं. मी म्हटलं, "आज स्प्रिंग बसली म्हणायची!" उत्तर नाही. मी परत म्हटलं. कप तसाच हातात होता माझ्या.

भावजींचा दहावा झाला आणि कंपनीचा माणूस भेटायला आला. वाईट वाटलं म्हणाला, खरंच वाटलं असेल. जाताना ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "शेवटच्या तारखेपर्यंतचं प्रत्येक बिल आमचं. पैसे कधी येतात ते आम्ही बघत नाही, बिलाची तारीख बघतो. हे एक आलं नाही तर करार बंद होत नाही. मग जामीन तुम्ही आहात."

टॅक्सवाले पण तारीख बघतात आणि कंपनीवाले पण. ह्यांनी भावजींची चप्पल उचलून आत ठेवली.

मग घोड्यांच्या बाई आल्या. डोळे पुसले, म्हणाल्या, "घोडा छान डोलतो हो. बघायचा राहिला त्यांचा." मग बिल काढलं. "ह्याच्यावर नेहमीचा शिक्का नाहीये. चेक तुमच्या मिस्टरांच्या नावाने लिहू का?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी मान खाली घातली.

"थांबा जरा," म्हटलं. शेडमध्ये जाऊन शिक्का आणला. पॅड वाळलं होतं, थोडं पाणी टाकलं. सरळ मारला.

बाईंनी बिल उजेडात धरलं. "नीट उठला नाही हो, वाचता येत नाही."

मग मी परत मारला.