ताईची संत्र्याची बियर

मोड आलेला गहू मंद आचेवर शिजू लागला, की त्याच्या वाफेला एक ओलसर, गोडसर, किंचित मातकट गंध येतो. त्या गंधात दूध नसते, तरी दुधाची आठवण असते. गूळ नसतो, तरी गोडव्याचे आश्वासन असते. तान्ह्या लेकरांच्या घरात दरवळणारा हा सात्त्विक गंध पुण्यातल्या एका हॉटेलात, आणि तेही बियर बनवणाऱ्या हॉटेलात, मला भेटेल असे कोणी सांगितले असते तर मी हसले असते. पण तो भेटला. आणि खरे सांगायचे तर मला नव्हेच, आधी तो माझ्या ताईला भेटला.

ताई माझ्यापेक्षा मोठी. मी अमरावतीत शाळेत शिकवून निवृत्त झाले, ती अकोल्याला बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरी करून. ओल्या कागदावर दाणे मांडायचे, ते उगवतात की नाही हे पाहायचे, हेच तिचे काम. पण तिच्या नाकाची घडण त्याहून जुनी. वलगावला आमच्या बाबांचा फुलांचा मळा होता. पहाटे शेवंतीच्या राशीजवळ ताईला बसवले, की ती डोळे मिटून ओंजळभर फुले नाकाशी धरी आणि आजची कोणती, कालची कोणती ते वेगळे करून ठेवी. बाबा म्हणत, "हिच्या नाकाले डोळे हायेत." गंधाच्या वाटेने जगात शिरणारी माणसे विरळाच, ताई त्यांतली होती. भाऊजी गेल्यावर अकोल्याच्या घरात ती एकटी उरली, तेव्हाही मला म्हणाली होती, "घर रिकामं नाई वाटत वं शोभे, घराचा वास रिकामा झाला."

तिची लेक केतकी पुण्याला असते. दोन वर्षांमागे आम्ही दोघी तिच्याकडे गेलो असताना तिने आम्हाला जेवायला बाहेर नेले. काचेच्या भिंतीपलीकडे तांब्याची भलीमोठी पिंपे चकाकत होती. आत पाऊल टाकताच ताई थबकली. मान वर करून, हरणीसारखी हवा हुंगत ती म्हणाली, "शोभे, इथं कोनी गहू मोडवून शिजवून राह्यलं."

केतकी हसली. "आई, इथे बियर बनते."

"बियर?" ताईच्या चेहऱ्यावर अविश्वास होता. आमच्या माळ्याच्या घरात दारू हा शब्दही दबक्या आवाजात उच्चारला जाई. एका काकांनी दारूपायी संसाराची माती केली होती, आणि बाबांनी त्या वासाच्या माणसाला ओट्यावरदेखील बसू दिले नव्हते. पण कुतूहल ही काय परवानगी मागून येणारी गोष्ट आहे? बियर बनवणारा निखिल नावाचा तरुण केतकीच्या ओळखीचा निघाला. त्याने ताईच्या तळहातावर भाजक्या रंगाचे थोडे दाणे ठेवले. ताईने चष्मा सरसावून एक दाणा नखाने उकलला.

"हे तं उगवलं होतं," ती हलकेच म्हणाली. "मंग थांबवलं कोनी?"

निखिलने स्वतःही एक दाणा उचलला. मग म्हणाला, "हे सातू आहेत, मावशी. भिजवतात, मोड येऊ देतात आणि मग ऊब देऊन वाळवतात. त्यालाच माल्ट म्हणतात. दाणा स्वतःच्या वाढीसाठी जी गोडी करायला निघतो, ती आम्ही घेतो."

आयुष्यभर उगवणाऱ्या बियांची बाजू घेतलेल्या बाईला हे ऐकून काय वाटले असेल! ती तो दाणा कितीतरी वेळ चघळत राहिली. मग निखिलने बियरला कडूपणा देणाऱ्या, वाळलेल्या हॉप्सची हिरवी बोंडे तिच्या हातात चुरडली. तिने तळहात नाकाशी नेला आणि तिचे डोळे चमकले. "अवं, हे तं फूल हाये! कडुनिंबाच्या मोहरासारखं, अन् मांगून कच्च्या आंब्याच्या चिकासारखं." कडूपणासाठी विकले जाणारे फूल! बाबांनी जन्मभर फुले विकली. देवासाठी, लग्नासाठी, मढ्यासाठी विकली. पण कडूपणासाठी कोणी फूल मागितल्याचे त्यांना ठाऊक नव्हते. ताईने त्या दिवशी लहानशा पेल्यातून दोन घोट घेतले. मीही घेतले. मला ते औषधासारखे लागले. तिला मात्र जणू नवे गाव दिसले होते.

त्यानंतरचे रविवार आठवले की अजून हसू येते आणि मन हुरहुरते. मी बडनेऱ्याहून गाडीने अकोला गाठायची. पिशवीत एखादी बाटली असायची. ती आमच्या ह्यांनी आणलेली. हे स्वतः सुपारीच्या खांडालाही न शिवणारे. दुकानात तोंडाला रुमाल बांधून जायचे आणि घरी येऊन कुरकुरायचे, "लोकं मले बेवडा समजून राह्यले, अन् पिणार तुमी दोघी बहिनी!" पण आणायचे खरे. ताईच्या स्वयंपाकघरात पडदे ओढून आमची शाळा भरे. तिचे नियम काटेकोर होते. बाटली फार गार नको, गारठ्यात वास झोपतो. आधी रंग पाहायचा, मग फेस, मग नाक, आणि सगळ्यांत शेवटी जीभ. घोट दोनचारच, उरलेली मोरीत. एकीला तिने ओल्या पोत्याची म्हटले, एकीला करडईच्या ढेपेची, एकीला पावाच्या कडेची. काळ्या बियरचा वास घेऊन म्हणाली, "भाजलेल्या वांग्याची साल." मला काहीच येत नसे. मग ती माझे नाक पेल्यावर धरून म्हणे, "घाई नको करू. वास लाजरा असते. त्याले येऊ दे." एकदा शेजारच्या काकू अचानक आल्या, तेव्हा तिने पेल्यांवर ताटल्या झाकल्या आणि गंभीर चेहऱ्याने सांगितले, "काढा हाये, सांधेदुखीचा." काकूंनी काढ्याची कृती मागितली!

वृद्धत्वाच्या उंबऱ्यावर उभ्या असलेल्या बाईला असे विद्यार्थिनी होता येते, याचे मला किती अप्रूप वाटे! भाऊजींच्या मागे निमालेला तिचा आवाज त्या रविवारांनी परत आणला होता.

मग एके दिवशी तिला कळले, की परदेशात गव्हाच्या एका बियरमध्ये धने आणि संत्र्याची साल घालतात. झाले! तिने लगेच मला फोन केला. "शोभे, संत्र्याची साल! अन् संत्रं कोनाचं? आपलं! मोर्शीच्या सालीची बियर कोनी केली असंन का आतालोक?" निखिलला तिने गळ घातली. तो म्हणाला, "मावशी, साल पाठवा. चांगली असली तर एक घाणा तुमच्यासाठी काढीन."

त्या हिवाळ्यात आम्ही दोघी मोर्शीला गेलो. बागांत झाडे वाकली होती, धुक्यातून केशरी उजेड झिरपत होता. ताई झाडाझाडापाशी थांबून फळाला नख लावी, हुंगे आणि पुढे सरके. बागवान वैतागून म्हणाला, "बाई, संत्रं घ्यायचं हाये का त्याचं लगन जमवायचं हाये?" अखेर एका कोपऱ्यातल्या जुन्या झाडापाशी ती थांबली. नख लावताच उडालेल्या सूक्ष्म तुषारांत तिने चेहरा बुडवला. "हेच," ती म्हणाली, आणि मला तिच्या चेहऱ्यावर मळ्यातली ती लहान मुलगी दिसली. साली आम्ही तिच्या गच्चीवर सावलीत वाळवल्या, कापडी पिशवीत भरल्या आणि पुण्याला धाडल्या.

घाणा लागला. आणि त्याच आठवड्यात ताईला ताप आला.

साधाच ताप, चार दिवसांत उतरला. पाचव्या दिवशी सकाळी तिने मला फोन केला. "शोभे, दूध उतू गेलं, करपलं, घरभर धूर झाला... मले वासच नाई आला." मी म्हटले, सर्दी असेल. तिने लसूण चेचून पाहिला, कापूर नाकाशी धरला, मोगऱ्याच्या कुंडीवर वाकून वाकून पाहिले. काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित. कधी, ते सांगता येत नाही. मी अकोल्याला गेले तेव्हा ती भाऊजींची जुनी शाल मांडीवर घेऊन बसली होती. इतकी वर्षे ती शाल तिने धुतली नव्हती. "यात ते होते वं," ती म्हणाली. "आता नुसती लोकर हाये."

दृष्टी गेलेल्याचा हात लोक धरतात. ऐकू न येणाऱ्याशी मोठ्याने बोलतात. पण गंध हरवलेल्या माणसाचे सांत्वन कोणी कसे करावे? ते दुःख दिसतही नाही. जग तेच असते, फक्त त्याने आपल्याकडे पाठ फिरवलेली असते.

बियर तयार झाल्याचा निरोप आला. मी म्हटले, नको जाऊ या. ताई म्हणाली, "पोरानं कष्ट केले हायेत. जाऊ." पुण्यात निखिलने पेला तिच्यासमोर ठेवला. धूसर, फिकट सोनेरी, वर पांढराशुभ्र फेस. तिचा गंध हरवल्याचे त्याला केतकीकडून कळले होते. त्याला तिच्याकडे पाहवत नव्हते. ताईने सवयीने रंग पाहिला, फेस पाहिला, नाक पेल्यावर नेले आणि तशीच थांबली. वास लाजरा असतो. ती त्याला येऊ देत होती. तो आला नाही. मग तिने पेला माझ्याकडे सरकवला आणि डोळे मिटले.

"तू सांग मले."

मी? जिला कधीच काही येत नसे ती मी? मी पेल्यावर वाकले. "संत्र्याची साल," मी म्हटले.

"ते मलेबी माहीत हाये. कशी? ओली का वाळलेली?"

मी पुन्हा वाकले, घाई न करता. "आधी ओली. नख लावल्यासारखी. मग धने... पाट्यावर नुकते भरडलेले. त्याच्या खाली, ताई, गहू हाये. लेकराच्या वाटीतला. अन् एकदम तळाशी..." मी आणखी खाली वाकले. "धुक्यात भिजलेली पानं."

ताईच्या मिटल्या पापण्यांतून पाणी ओघळले. तिने पेला उचलून एक घोट घेतला, जिभेवर घोळवला. "कडू लागलं," ती म्हणाली. "मांगून थोडं गोड. जिभीले एवढं तं समजते." मग निखिलकडे वळून, त्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, "चांगली झाली, बापा. हिनं सांगितली ना, चांगली झाली."

ताईचा गंध अजून परतलेला नाही. रोज सकाळी तिचा फोन येतो. ती माझी तब्येत विचारत नाही, विचारते, "आज कायचा वास येते तिकडं?" आणि मी सांगते. गल्लीत टाकलेल्या डांबराचा, उन्हात वाळणाऱ्या गादीचा, ह्यांच्या दाढीच्या साबणाचा. एवढी वर्षे मी या जगात राहिले, पण त्याला हुंगलेच नव्हते! आता दोघींसाठी श्वास घेते, आणि प्रत्येक श्वासाच्या टोकाशी कळते, की हा माझा नव्हे. हा जिचा आहे ती दूर, फोनच्या पलीकडे, कान लावून बसली आहे. ओढ म्हणतात ती हीच असेल का? आपल्याजवळ जे आहे, ते ज्याचे असायला हवे त्याच्यापर्यंत पोचू नये, ही?

काल सकाळी मी थकले होते. म्हटले, "ताई, आज काईच नाई गं."

"असं होतच नाई," ती म्हणाली. "दार उघड. उभी राय तिथं. मी हाये फोनवर."

मी दार उघडले, उंबऱ्यात उभी राहिले, डोळे मिटले. समोरच्या ओट्यावर कोणीतरी मेथी निवडायला बसले असावे.

मी सांगू लागले.