वरचे मास्तर

थिएटरात दोन प्रोजेक्टर होते. एकाचं रीळ संपत आलं की दुसरा भार उचलायचा, आणि खाली बसलेल्या सहाशे माणसांना पत्ताही लागायचा नाही की वीस-वीस मिनिटांचे आठ तुकडे जोडून आपण एक सिनेमा पाहिला. ऑपरेटरचा सगळा रुबाब या पत्ता न लागण्यात होता. बावीस वर्षांत त्याने सांधा कधी दिसू दिला नव्हता.

मग एका सोमवारी डाव्या प्रोजेक्टरचं दातेरी चाक तुटलं. ते मिळणार परगावाहून, आणि तेही दोन महिन्यांनी. मालकाने दार बंद ठेवायची भाषा काढली. ऑपरेटर म्हणाला, एकावर चालवतो. एकावर चालवायचं म्हणजे प्रत्येक रिळानंतर तीन मिनिटांचा खंड, पडदा पांढरा. लोक गप्प बसतील का, असं मालकाने विचारलं. लोकांचं मी बघतो, असं ऑपरेटरने ठोकून दिलं. काय बघणार, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. पण आधी हो म्हणायचं आणि मग वाट काढायची, हा त्याचा जुना खाक्या होता.

पहिल्या दिवशी पहिल्या खंडाला शिट्ट्या झाल्या, दुसऱ्याला खुर्च्या बडवल्या गेल्या, तिसऱ्याला पडद्यावर एक चप्पल जाऊन आदळली. वरच्या प्रोजेक्टरच्या खोलीत एक माइक होता. फाटकात कोणी गाडी आडवी लावली तर ओरडायला ठेवलेला. मध्यंतरानंतरच्या खंडाला ऑपरेटरने एका हाताने फिल्म ओवता ओवता दुसऱ्या हाताने तो माइक उचलला आणि शांतपणे विचारलं, "मंडळी, आत्ता तुम्ही जो घोडा धावताना पाहिलात, त्याची एका सेकंदाला किती चित्रं पडद्यावर पडत होती? उत्तर पुढच्या रिळानंतर."

मग कोणी दहा म्हणालं, कोणी शंभर, बाल्कनीतून एकाने हजार सांगितलं आणि खालच्यांनी त्याची हुर्यो उडवली. तीन मिनिटं कुठे गेली ते कळलं नाही. पुढच्या खंडाला त्याने चोवीस हा आकडा सांगितला तेव्हा टाळ्या पडल्या, आणि त्या सिनेमाला नव्हत्या.

आठवड्याभरात त्याचं नाव पडलं, वरचे मास्तर. आवाज वरून यायचा, दिसायचं कोणी नाही. मालक गमतीने म्हणायचा, आपला धंदा आता वरच्याच्या भरवशावर.

खंड सात, त्यातला एक मध्यंतराचा. म्हणजे प्रत्येक सिनेमाला सहा प्रश्न. सिनेमाचे तो स्वतः काढायचा. विज्ञानाचे बरेचसे मासिकांतून यायचे. रीळ फिरत असताना खोलीत बसून त्याने ढिगांनी मासिकं वाचली होती. आणि साहित्याचे पुरवायची बायको. ती सार्वजनिक वाचनालयात फाटकी पुस्तकं शिवायची, चिकटवायची. वाचल्याशिवाय शिवलं तर पानं मागेपुढे होतात, हा तिचा बहाणा, आणि त्या बहाण्यावर तिने अर्धं वाचनालय पालथं घातलं होतं. सुनीत या काव्यप्रकाराच्या ओळी किती, हा तिचाच प्रश्न. त्या दिवशी पुढच्या रांगेतल्या एका गवंड्याने चौदा असं बरोबर सांगितलं, आणि त्याचे सोबती त्याच्याकडे असे बघायला लागले जणू त्याने चोरून लग्न केलंय.

ती मात्र नवऱ्याला एक गोष्ट परत परत बजावायची. "अहो, पुस्तकात बघून सांगत जा. पाठ आहे म्हणजे बरोबर आहे असं नसतं."

"अगं, बावीस वर्षं वाचतोय मी," तो म्हणायचा, आणि विषय तिथेच राहायचा.

एका गुरुवारी दुपारच्या खेळाला त्याने विचारलं, सूर्याभोवतीच्या ग्रहांत सगळ्यांत तापलेला कोणता? पुढच्या खंडाला उत्तरही ठणकावून दिलं, बुध. तेवढ्यात मधल्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या असतील. आवाज बारीक, पण शब्द स्वच्छ. त्या म्हणाल्या की बुध नव्हे, शुक्र.

ऑपरेटरने खोलीच्या झरोक्यातून खाली पाहिलं. सहाशे माणसं ऐकत होती. माइक हातात असलेल्या माणसाला जे सुचू नये तेच त्याला सुचलं. "बाई, शेगडीला चिकटून बसलेल्यालाच जास्त धग लागते. बुध सूर्याच्या सगळ्यांत जवळ आहे."

हशा पिकला. बाई तशाच उभ्या. "शेगडीजवळ उघडा बसलेला आणि दोन हात लांब बसून चार रजया पांघरलेला, यांतला घामाघूम कोण होईल? शुक्राला जाड हवेची रजई आहे."

उत्तर चोख होतं, पण हशा ओसरला नव्हता आणि निम्म्या लोकांना ते ऐकूच गेलं नाही. ऑपरेटरला गेलं. त्याने फिल्म अडकवली आणि प्रोजेक्टरचा दिवा लावला. सिनेमा सुरू झाला. रीळ संपल्यावर त्याने झरोक्यातून पाहिलं तर मधल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी होती.

घरी त्याने ही हकिकत जेवताना रंगवून सांगितली, शेगडीच्या कोटीसकट. बायको हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती वाचनालयातून दोन जाडजूड पुस्तकं घेऊन आली आणि खुणा घातलेली पानं त्याच्यापुढे उघडून ठेवली. दोन्हींत शुक्र. कार्बन डायऑक्साइडचं दाट वातावरण, आत आलेली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. बुधाला हवा नाहीच म्हटलं तरी चालेल. दिवसा भाजतो आणि रात्री गोठतो.

त्याने दोन्ही पानं वाचून काढली. चूक झाली याचं त्याला फारसं वाटलं नाही. चुका माणसाकडूनच होतात. त्याला खुपलं ते हे की बाई बरोबर बोलत होत्या हे त्याला त्याच वेळी, माइक हातात असतानाच, उमगलं होतं.

"मग आता?" बायकोने विचारलं.

"आता सांगायचं. जिथे हसवलं तिथेच."

त्या दिवसापासून प्रत्येक खेळाला पहिल्या खंडात तो तेच सांगू लागला: गुरुवारी दुपारी मी बुध सांगितलं, ते चूक, बरोबर उत्तर शुक्र, आणि ते एका बाईंनी सांगितलं होतं. लोकांना कळेना, हे कोणत्या गुरुवारचं गाऱ्हाणं. मालक वैतागला. त्याचं म्हणणं, चूक विसरलेल्या लोकांना रोज आठवण कशाला करून द्यायची? ऑपरेटर म्हणाला, ज्यांना आठवते आहे त्या अजून आल्या नाहीत.

सिनेमा बदलला. तिसऱ्या गुरुवारी दुपारी त्या आल्या, सोबत त्यांची कॉलेजातली मुलगी. ऑपरेटरने झरोक्यातून ओळखलं. पहिलं रीळ संपताच त्याने दिवे लावले आणि बावीस वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. माइकला लांब तार जोडून तो जिना उतरून खाली आला. वरचे मास्तर बुटके आणि टकले निघाले याचंच लोकांना आधी हसू आलं. त्याने त्यांना हसू दिलं. मग मधल्या रांगेपाशी जाऊन तो म्हणाला, "बाई बरोबर होत्या आणि मी चूक. वर मी त्यांची थट्टा केली, ती दुसरी चूक. आजचा प्रश्न त्यांनी विचारावा."

बाई गडबडल्या नाहीत. त्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत वाफेची यंत्रं सांभाळायच्या, आणि मुलीचा अभ्यास घेता घेता तिच्यापेक्षा जास्त शिकल्या होत्या, हे नंतर कळलं. त्यांनी माइक घेतला. "उकळतं पाणी शंभर अंशाचं, त्याची वाफही शंभर अंशाची. मग वाफेने जास्त का भाजतं?"

थिएटर पेटलं. प्रत्येकाकडे उत्तर होतं आणि एकाचं दुसऱ्याशी जुळत नव्हतं. शेवटी सगळे वरच्या मास्तरांकडे वळले, ते आता खालीच उभे होते.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे म्हणायला काहीच जड गेलं नाही.

उत्तर बाईंनी पुढच्या खंडाला दिलं. पाण्याची वाफ होताना तिने पोटात जास्तीची उष्णता घेतलेली असते. कातडीवर तिचं परत पाणी झालं की ती सगळी उष्णता तिथेच उतरते. लॉन्ड्रीतल्या नव्या बायकांना हे पहिल्याच दिवशी शिकवावं लागतं, म्हणाल्या, नाहीतर हात जातो.

दोन महिन्यांनी दातेरी चाक आलं आणि खंड बंद झाले. लोकांनी तिकीट खिडकीवर तक्रार केली; यंत्र दुरुस्त झालं म्हणून तक्रार आलेलं ते बहुधा पहिलंच थिएटर. मालकाने मध्यंतराची पाच मिनिटं ऑपरेटरला कायमची देऊन टाकली. प्रश्न तीन. उत्तर दोन पुस्तकांत सापडल्याशिवाय सांगायचं नाही, हा नियम ऑपरेटरने स्वतःला घालून घेतला आणि निवृत्त होईपर्यंत पाळला.

आता थिएटरात रीळ नाही, ऑपरेटरची खोलीही नाही. रविवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या दालनात तिघं बसतात: ऑपरेटर, त्याची बायको आणि लॉन्ड्रीतून निवृत्त झालेल्या बाई. समोर तीस-चाळीस माणसं असतात. गेल्या महिन्यात बँकेतला एक कारकून म्हणाला की हे सगळं फोनमध्ये क्षणात मिळतं, मग इथे जमायचं कशाला.

ऑपरेटर हसला. "मिळतं की. खिशातून काढ फोन आणि ठेव टेबलावर. पण उघडायच्या आधी तुला काय वाटतं ते सांग, आणि का वाटतं तेही."

कारकुनाने फोन टेबलावर ठेवला. प्रश्न बायकोचा होता: चंद्रावर दोघं समोरासमोर उभे राहून बोलले तर एकमेकांना ऐकू जाईल का? जाईल की, तो म्हणाला, समोरासमोर तर उभे आहेत. शेजारच्याने त्याला खोडून काढलं, मागच्या बाकावरच्या आजींनी दोघांनाही, आणि लॉन्ड्रीतल्या बाईंनी खुर्ची पुढे ओढली.