दादाचा पाजवायचा दगड

दादा जाऊन वर्ष व्हायचं होतं. सालेकशाहून परतताना त्याच्या मोटारसायकलला अपघात झाला, आणि घरची सुतारकी वहिनीवर आली. तो असताना ती पॉलिश करायची, चौकट धरायची. आता रंधाही तीच मारत होती. मी दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा ती छपरीत दाराच्या फळीशी झगडत होती. पातं लाकूड तासण्याऐवजी ओरबाडत होतं.

बाबांनी पातं डोळ्यांजवळ धरलं. नजर अधू झाल्यावर त्यांनी काम सोडलं होतं.

"धार गोल येऊन राहिली," ते म्हणाले. "पातं बरोबर हाये. दगड मधात खोल गेला."

दगड दादाचा. वर्षानुवर्षं एकाच जागी पाती पाजवून त्याला मधोमध खळगा पडला होता. खळगा किती उरला ते दिसावं म्हणून बाबांनी त्यावर पेन्सिलीनं आडव्या-उभ्या रेघा मारल्या, अंगणातल्या सपाट फरशीवर ओली बारीक रेती पसरली आणि दगड पालथा घालून घासायला घेतला.

आवाज ऐकून आई बाहेर आली.

"काऊन घासून राहिले जी? माह्या पोराचा हात हाये त्या दगडात."

बाबा थांबले. वहिनी खाली मान घालून बाबांना म्हणाली, "राहू द्या मामाजी. नवा आणू."

"नवाही असाच खोल जाईल," बाबा म्हणाले. "तुले हे शिकाच लागन."

मग आई फरशीजवळ बसली. तिनं दगड मांडीवर घेतला, पदरानं रेती पुसली आणि खळग्यातून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली. नंतर तिनंच तो पुन्हा रेतीवर पालथा ठेवला.

"तू घास," ती वहिनीला म्हणाली. "त्यांच्या हाताले आता जोर नाही."

वहिनी घासत राहिली, आई तांब्यानं पाणी सोडत राहिली. आधी कडेच्या रेघा गेल्या. मधल्या रेघा शेवटपर्यंत टिकल्या. त्या जाताना आईनं तोंड फिरवलं. बाबांनी लोखंडी पट्टी दगडावर उभी धरली. खालून कुठूनच उजेड आला नाही; दगड सपाट झाला होता.

त्या संध्याकाळी वहिनी जेवायला उठेना. आईही चुलीपाशी नुसती बसून होती. शेवटी तिनंच एका ताटात दोघींचा भात वाढला आणि ताट वहिनीसमोर नेलं.

"दार पुरं कराचं हाये ना तुले?" ती म्हणाली. "जेव."