कोंडूची नाडी आणि साहेबांचा वजीर

भातसानगरच्या कॉलनीत कोंडू गोजरइतका शांत माणूस शोधून सापडला नसता. धरणाच्या दारांवर बारा वर्षं नोकरी, पण कधी आवाज चढला नाही. त्यामुळे सत्त्याण्णव साली त्याच्या छातीत कळ आली, तेव्हा सगळे म्हणाले, "याला कशी कळ येते?"

शहापूरच्या डॉक्टरांनी विडी सोडवली, चढण बंद केली. त्याच्या रोजच्या बुद्धिबळाचं कुणी नावही काढलं नाही. बसून खेळायचा खेळ, त्यात कसला आलाय त्रास! बसलेला माणूस विश्रांतीच घेतो, असं आपल्याकडे शहाण्यांनाही वाटतं.

पण संध्याकाळी ओव्हरसियर जगदीशसाहेबांशी डाव झाला की कोंडूचे ओठ पांढरे पडत. बायको जना खमकी. दवाखान्यातल्या नर्सकडून नाडी मोजायला शिकली आणि गजराचं घड्याळ घेऊन थेट पटाशेजारी बसली.

डावाआधी बाहत्तर. कोंडूचा वजीर अडकला, नव्वद. सुटला, ब्याऐंशी. मग साहेब चुकले, कोंडूने त्यांचा वजीर मारला.

"थांब रे, ती चाल परत घेतो," साहेब म्हणाले.

"घ्या की साहेब." कोंडू गोड हसला.

नाडी एकशे अठरा!

आठवडाभर हेच. जनाने आकडे डॉक्टरांपुढे ठेवले. ते म्हणाले, "हा राग गिळतो. गिळणं सोडा, नाहीतर खेळ सोडा."

"साहेबाला कसा बोलू गो?" कोंडू घरी कुरकुरला.

"नका बोलू. पट चुलीत घालते."

"मंग संध्याकाळी मी काय करू?"

"माझ्यासंगं तांदूळ निवडा."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी घोडा ठेवला, जीभ चावली नि परत उचलायला हात नेला. कोंडूने तो हात वरच्यावर धरला. "नाय साहेब. ठेवलात, आता ऱ्हाऊ दे."

जनाने घड्याळ जवळ ओढलं.

"अरे, पाच वर्षांत बोलला नाहीस कधी!" साहेब म्हणाले.

"पाच वर्षं चाली परत घेऊन तुमी हरलाच नाय. आज बोललो."

साहेब खो खो हसले. मग मात्र विचार करून खेळायला लागले आणि तासाभरात त्यांनी कोंडूवर मात केली.

जनाने मनगट पकडलं. अठ्ठ्याहत्तर.

"अवो, हरलात नि नाडी जाग्यावर?"

"खरा हरलो गो," कोंडू म्हणाला. प्यादी मांडून झाली होती त्याची. "बसा साहेब, उजेड हाय अजून."