अण्णाजींचा बुधवार

छाया दारात आली की आंजी गावातले म्हातारे हातातली ताटली खाटेखाली सरकवतात. अकरा वर्षं ती गावात आरोग्याचं काम बघणारी आशाताई आहे, आणि गोड बोलून कामं होतात असं मानणाऱ्यांतली ती नाही. त्यातले बबनराव एकदा तिला समजावायला बसले, "गुळानं काई होत नाई, साखरेनं होते." तिने त्यांच्या हातातला गुळाचा खडा काढून घेतला आणि खुंट्याला बांधलेल्या गोऱ्ह्याच्या तोंडात घातला. "याले शुगर नाई, याले खाऊ द्या." बबनराव आठ दिवस तिच्याशी बोलले नाहीत, पण त्यांच्या चहातला गूळ सुटला.

तिला सगळ्यात जास्त चीड होती ती एका बोलण्याची. "आता किती दिवस राह्यले म्हाताऱ्याचे, खाऊ द्या ना त्याले." हे बोलणारी माणसं पुढे दवाखान्याच्या बाकावर बसून रडतात, तेव्हा तिला त्यांची कीव येत नाही. म्हाताऱ्याचे दिवस तुम्ही मोजले, मग त्यातले शेवटचे चार डोळे जाऊन अंधारात आणि पाय जाऊन खाटेवर गेले तर आता कशाला रडता? प्रेम म्हणे! पोळीवर तूप ओतलं की प्रेम, नात्यातल्या लग्नात तिसरा लाडू वाढला की प्रेम. नंतर उचलून बाथरूममध्ये न्यायची वेळ येते, तेव्हा हे प्रेम करणारे पाहुणे कुठे असतात?

गावाला अशी फैलावर घेणारी ही बाई, आणि तिच्याच घरात काय चाललं होतं ते पाहा.

तिचे सासरे अण्णाजी बहात्तर वर्षांचे. शुगर बारा वर्षं जुनी. फेब्रुवारीत वावरात कापसाची पऱ्हाटी उपटताना एक खुंट चप्पल फोडून उजव्या पायाच्या अंगठ्यात घुसलं. जखम भरेना. छायाच्या नवऱ्याने, सचिनने, त्यांना मोटरसायकलवर बसवून वर्ध्याला दाखवून आणलं. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, तीन आठवड्यांत शुगर उतरली पाहिजे. नाहीतर अंगठा काढावा लागेल, आणि काम तेवढ्यावरच थांबेल असं सांगता येत नाही.

घर हादरलं. छायाने त्याच दिवशी भात बंद केला, चहा बिनसाखरेचा केला. सासूबाई विमलाबाईंनी साखरेचा डबा आपल्या कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली. कोणी कसूर केली नाही. आठवड्याने शुगर पाहिली, तर तीनशेच्या वर.

डॉक्टरांनी विचारलं, "काल काय खाल्लं होतं?"

"काई नाई साहेब, गुरुवार होता. उपास."

"आणि सोमवारी?"

"उपास."

सचिन शेजारी उभा राहून मान हलवत होता. दोघांच्या मनात खोटेपणा नव्हता. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि यांनी आपणहून काही सांगितलं नाही. काही न खाताही शुगर चढते, हे दोघं घरी आल्यावर त्यांच्याकडून ऐकून विमलाबाई घाबरल्या. माणसाच्या हातात काही राहिलं नाही, असं त्यांना वाटलं. सोमवार, गुरुवार, शनिवार अण्णाजींनी आधीच धरलेले होते. बुधवार मोकळा होता. अंगठा वाचू दे म्हणून त्यांनी अण्णाजींना तोही धरायला लावला.

छाया सकाळी नऊला बाहेर पडायची ती तीनला घरी यायची. त्या बुधवारी उपकेंद्रातली बैठक लवकर आटोपली आणि ती साडेबाराला दारात उभी राहिली. अण्णाजी फराळाला बसले होते. ताटात साबुदाण्याची उसळ, ढीगभर, बटाटे आणि दाण्याचा कूट घालून. बाजूला भगर, दोन केळी आणि राजगिऱ्याचा लाडू, गुळाचा. विमलाबाई समोर बसून आग्रह करत होत्या, "घ्या ना अजून, पोट रिकामं आहे तुमचं."

छायाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पिशवीतलं शुगर मोजायचं मशीन तिने काढलं आणि अण्णाजींचं बोट धरलं. तीनशे बेचाळीस.

"मामाजी, हे काय चालू आहे?"

"फराळ करून राह्यलो, बाई."

"हे फराळ आहे? भाताच्या दोन ताटांची शुगर आहे यात! भात बंद केला ना आपण?"

"भात कुठं दिला मी त्याइले?" विमलाबाईंचा आवाज चढला. "देवाचं आहे हे. देवाच्या खाण्यानं शुगर वाढते का?"

"मशीन देवाले वळखत नाई, आई! अंगठा जाऊन राह्यला त्याइचा, अन् तुमी लाडू वाढून राह्यल्या!"

"मले बोलते? गावभर विचारत फिरते, काय खाल्लं, काय खाल्लं. या घरात कधी विचारलं? अन् साबुदाणा कोण भिजवते आदल्या संध्याकाळी? मी?"

साबुदाणा छायाच भिजवत होती. लग्न होऊन आली तेव्हापासून, उपासाच्या आदल्या संध्याकाळी, पातेलंभर. तिने साखर मोजली, भात मोजला, बबनरावांचा गूळ मोजला. उपासाचं खाणं तिने कधी खाण्यात धरलंच नव्हतं. तिने पिशवीतून गावातल्या म्हाताऱ्यांचे फॉर्म काढले. आहाराच्या रकान्यात तिच्याच अक्षरात ठिकठिकाणी नुसतं "उपास" लिहिलेलं होतं, पुढे काही नाही. अकरा वर्षं! त्या क्षणी तिला सासूपेक्षा स्वतःचीच जास्त चीड आली. ती चीड काढायची तरी कोणावर?

दुसऱ्या दिवशी तिने अण्णाजींना वर्ध्याला नेलं आणि स्वतः डॉक्टरांना उसळीपासून लाडवापर्यंत सगळं सांगितलं. त्यांनी पाय पाहिला. अंगठा काळा पडला होता. दोन दिवसांनी तो काढला.

वॉर्डात भेटायला माणसं येऊ लागली. पुढच्या बुधवारी दुपारी चुलतघरची मीराबाई आली, तर विमलाबाई तिला सांगत होत्या, "बुधवार धरला म्हणून अंगठ्यावर निभावलं, बाई. नाईतर पाय गेला असता."

छाया स्टुलावरून ताडकन उठली. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघू लागली, पण तिने आवाज खाली आणला नाही.

"बुधवारानं पाय वाचवला नाई, आई. बुधवारानं अंगठा खाल्ला. तुमी वाढलं अन् मी भिजवलं. दोघींनी मिळून खाल्ला."

मीराबाई पदर सावरून उठली. विमलाबाईंनी तोंड फिरवलं. मग खाटेवरून अण्णाजी बोलले.

"उद्या गुरुवार आहे," ते बायकोकडे बघून म्हणाले. "मले भाकर आनजो. अन् भाजी. साबुदाणा नोको आता."

लग्नाच्या आधीपासून त्यांनी एक गुरुवार मोडला नव्हता.

गुरुवारी पहाटे छाया उठली तेव्हा स्वयंपाकघरात भाकरी थापल्याचा आवाज येत होता. विमलाबाई ज्वारीच्या भाकरी भाजत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्या मनगटाने पुसत होत्या आणि पुन्हा पिठात हात घालत होत्या. तीन आठवड्यांपूर्वी हीच भाकर भाजली असती तर अंगठा आज पायाला असता, हे छायाला ओरडून सांगायचं होतं. पण ते सासूला कळून चुकलं होतं. छायाने दवाखान्यात न्यायचा डबा काढला आणि गरम भाकर त्यात ठेवायला सुरुवात केली.